कोंडुर्‍याने काय केलं आणि तात्याने काय केलं

"खानोलकर नियतिवादी होते."

हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय, इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की आता कुणी ते उच्चारलं की आधी जांभई येते आणि मागोमाग राग. जांभई अशासाठी की हे म्हणणार्‍याने बहुतेक वेळा 'कोंडुरा' वाचलेली नसते, कुणाकडून तरी ऐकलेली असते. आणि राग अशासाठी की ज्याने वाचली आहे तोही शेवटचं पान मिटून, सुस्कारा टाकून, "शेवटी नियतीपुढे माणूस काय..." असं म्हणून मोकळा होतो. जणू दोनएकशे पानं लेखकाने हा सुस्कारा काढून घ्यायलाच लिहिली!

तर आज जरा भांडायचं ठरवलंय. ज्यांना 'कोंडुरा' ठाऊक नाही अशा माझ्या डोंबिवली-पुण्याच्या चुलत-मावस भावंडांसाठी आधी थोडी माहिती. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.

चिंतामण त्र्यंबक खानोलकर, म्हणजेच कवी आरती प्रभु. जन्म 1930, वेंगुर्ल्याजवळच्या तेंडोलीतल्या बागलांच्या राईत. कुडाळला आईबरोबर खानावळ चालवली, 1959 च्या सुमारास मुंबई गाठली, आकाशवाणीत नोकरी केली, आणि 1976 मध्ये वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. 'नक्षत्रांचे देणे'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार 1978 साली मिळाला, तेव्हा तो घ्यायला ते नव्हते. 'कोंडुरा' ही कादंबरी 1966 सालची. तिच्यावर श्याम बेनेगलांनी 1978 मध्ये सिनेमा काढला. हिंदीत 'कोंडुरा', तेलुगूत 'अनुग्रहम्'. अनंत नाग, वाणिश्री, स्मिता पाटील, आणि समुद्रातून आलेला स्वामी म्हणून अमरीश पुरी. गोष्ट आपली कोकणातली, पण पडद्यावर ती आंध्रच्या किनार्‍यावर नेली होती. आपला कोंडुरा मात्र आहे तिथेच आहे. वेंगुर्ल्याच्या वरच्या अंगाला, वायंगणीजवळ. कातळ, समुद्र आणि गाज. हल्ली फोटो काढायला गर्दी असते.

गोष्टीचा सांगाडा असा. परशुरामतात्या हा घरात किंमत नसलेला माणूस. अपमान गिळून तो बाहेर पडतो आणि समुद्राकडे जातो. तिथे त्याला कोंडुर्‍याचा साक्षात्कार होतो. वर मिळतो आणि वराबरोबर अट. अट ब्रह्मचर्याची. वर म्हणजे एक मुळी, जिने बाईचा गर्भ पडतो. पुढे देवी दिसते, देवळाचं काम हाती घ्यायची आज्ञा होते, आणि कालपर्यंत ज्याला कुणी विचारत नव्हतं त्या तात्याला गाव मान द्यायला लागतं. मग एका बड्या घरातली सून, तिला गेलेले दिवस, आणि तात्याच्या डोक्यात शिरलेला एक संशय. इथे थांबते. शेवट सांगून न वाचलेल्यांची मजा घालवत नाही. (मजा हा शब्द या कादंबरीला शोभत नाही, पण असो.)

*

आता भांडण. पहिलं भांडण नोट्सवाल्यांशी.

एका महाविद्यालयातल्या मुलीच्या वहीत मी 'कोंडुरा'वरच्या नोट्स पाहिल्या. त्यात एक तक्ता होता, आणि तो खरंच दोन रकान्यांचा होता. डावीकडे 'समुद्र', उजवीकडे 'अबोध मन'. डावीकडे 'कोंडुरा', उजवीकडे 'आदिम शक्ती'. डावीकडे 'मुळी', उजवीकडे 'मानवाचा निसर्गातील हस्तक्षेप'. डावीकडे 'परशुरामतात्या', उजवीकडे... ओळखा पाहू! 'मानव'.

म्हणजे तेंडोली-वायंगणीच्या पट्ट्यातला, जानवं घातलेला, बायकोवाला, चारचौघांत खाली मान घालून बसणारा एक विशिष्ट इसम गेला, आणि त्याच्या जागी 'मानव' आला. मानवाला नाक असतं का? मानवाला शेजारी असतात का? मानव रात्री कुठल्या कुशीवर निजतो? या तक्त्याने रूपक समजत नाही, फक्त माणसं रद्द होतात.

रूपक असलेली कादंबरी म्हणजे कोडं आणि वाचकाने उत्तरं भरायची, हा समज कुठून आला देव जाणे. चक्क समीकरण मांडून लिहिलेली जगप्रसिद्ध रूपककथा घ्या. ऑर्वेलची 'अ‍ॅनिमल फार्म', 1945 सालची. तिथे नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टालिन, हे शाळकरी पोरालाही सांगता येतं. पण वाचून झाल्यावर डोळ्यांत पाणी कुणामुळे येतं? बॉक्सर घोड्यामुळे. त्याच्यापुढे उजव्या रकान्यात 'श्रमिक वर्ग' लिहिलं म्हणून कुणी रडलेलं मी ऐकलं नाही. तो घोडा भोळा आहे, ताकदवान आहे, आणि कुठल्याही संकटावर आपण अजून जास्त राबायचं एवढा एकच उपाय त्याला माहीत आहे, म्हणून आपण रडतो.

आणि त्यातली पूर्वसूचना बघा. अगदी पहिल्याच प्रकरणात म्हातारा मेजर डुक्कर बॉक्सरला सांगतो की तुझ्या अंगातली ताकद संपली की मालक जोन्स तुला खाटकाला विकेल. पुढे जोन्सला तर हाकलून दिलं जातं. वाचक निश्चिंत होतो. आणि बॉक्सर शेवटी खाटकाच्याच गाडीतून जातो, फक्त विकणारे हात जोन्सचे नसतात, त्याच्याच बांधवांचे असतात. भाकीत खरं झालं, पण ते नशिबाने खरं केलं का? डुकरांनी विकलं म्हणून झालं. आणि बॉक्सरने शेवटपर्यंत शंका घेतली नाही म्हणूनही झालं. पूर्वसूचना कथेच्या सुरुवातीला टांगलेली असते, पण तिच्यापर्यंत चालत जाणारे पाय पात्राचेच असतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझं सगळं भांडण याच्यावर उभं आहे.

*

दुसरं भांडण नियतीवाल्यांशी. हे खरं भांडण.

त्यांचं म्हणणं असं की 'कोंडुरा'त सुरुवातीपासून शेवटाच्या खुणा पेरलेल्या आहेत. वराला अट आहे, म्हणजे अट मोडणार. मुळी आहे, म्हणजे ती नको तिथे वापरली जाणार. समुद्राची गाज आहे, म्हणजे अरिष्ट येणार. सगळं आधीच ठरलेलं आहे, तेव्हा तात्या बिचारा बाहुलं.

खुणा आहेत, हे शंभर टक्के मान्य. पण खूण म्हणजे ठराव नव्हे. किनार्‍यावर राहणार्‍याला हे सांगायला लागू नये. आमच्याकडे समुद्राची गाज कुठल्या अंगाने येते यावरून म्हातारे खारवी-गाबीत हवामानाचा अंदाज बांधत आले आहेत. गाज सगळ्या गावाला ऐकू येते. एक जण होडी वर ओढतो, एक जण "बघूया" म्हणून आत जातो, आणि तिसरा कूस बदलून झोपतो. तिघांचं पुढे काय होतं ते वेगवेगळं असतं. गाज मात्र एकच.

त्याहून चांगलं उदाहरण कौलाचं. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही जुन्या देवळात जा. पाषाणाला कळ्या किंवा तांदूळ चिकटवतात, गार्‍हाणं घालतात, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. आमच्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तर एवढी मोठी, लाखांनी माणूस येतो, पण तिला ठरलेली तिथी नाही. दरवर्षी देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. आता यातली गंमत बघा. कौल देव देतो, पण प्रश्न माणूस घालतो. "अमुक दिवशी जत्रा करू काय?" असं विचारलं तर त्याचं उत्तर मिळतं. न विचारलेल्या प्रश्नाला पाषाण उत्तर देत नाही. आणि विचारताना चार मानकरी उभे असतात, सगळ्यांसमक्ष, मोठ्या आवाजात. मनातल्या मनात कौल लावायची पद्धत आमच्याकडे नाही. ती का नसावी याचा विचार केला तर आपल्या पूर्वजांना माणसाच्या मनाबद्दल बरंच कळत होतं असं वाटतं!

परशुरामतात्याचं काय होतं? त्याला साक्षात्कार एकट्याला होतो. साक्षीदार नाही, गार्‍हाणं नाही, प्रश्न नाही. जे दिसलं, जे ऐकू आलं, त्याचा अर्थ लावणाराही तोच आणि त्या अर्थाने मोठा होणाराही तोच. ज्याला घरात आणि गावात कुणी मोजत नव्हतं, त्याला अचानक समुद्राने मोजलं! अशा माणसाला अर्थ कुठल्या दिशेने लागेल? खानोलकरांनी त्याला आधी अपमानित केलं आणि मग वर दिला, हा क्रम विसरू नका. वर आधी मिळून अपमान नंतर झाला असता तर ती वेगळी कादंबरी झाली असती. हा क्रम म्हणजेच स्वभावचित्रण. आणि हीच खरी पूर्वसूचना. शेवटाची चाहूल मला अटीत लागत नाही. अट ऐकताना तात्याच्या चेहर्‍यावर जो आनंद असावा, त्यात लागते.

शिवाय पुढचं आधी माहीत असणं आणि ते टाळता न येणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. दशावतार बघणार्‍याला हे कोण शिकवणार? रात्री अकराला आडदशावतारात संकासुर आला की त्याचं काय होणार हे मांडीवर पेंगणार्‍या पोरालाही माहीत असतं. आख्यानातला राक्षस पहाटे मरणार हेही माहीत असतं. तरी लोक थंडीत गोधडी घेऊन बसतात. का? कारण दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, पण बोलणं नटाचं, त्या रात्रीचं. तोच राक्षस एका नटाच्या तोंडून उन्मत्त होतो, दुसर्‍याच्या तोंडून दुःखी. खानोलकर याच मातीत वाढले. त्यांच्या कादंबरीत 'पुढे काय होणार' हे लपवलेलं नाही म्हणून ती नियतिवादी ठरत असेल, तर आपलं सगळं दशावतारी रंगमंचच नियतिवादी म्हणावं लागेल.

*

आता नावाकडे येऊ. परशुराम.

कोकणात हे नाव साधं नाव नसतं. समुद्र मागे हटवून ज्याने ही भूमी काढली तो परशुराम, आणि तो ब्रह्मचारी. तेव्हा समुद्राकाठी ब्रह्मचर्याची अट घालून घेणार्‍या माणसाचं नाव परशुराम असणं यातलं साम्य कुणालाही दिसतं. नोट्समध्येही ते होतं. पण नोट्स तिथेच थांबल्या. त्या परशुरामाची दुसरी गोष्ट कुणी का आठवत नाही?

रेणुकेची गोष्ट. ती नदीवर पाण्याला गेली. तिथे चित्ररथ राजाला पाहून तिचं मन क्षणभर चळलं. एवढंच. जमदग्नीला ते कळलं आणि त्याने मुलांना आज्ञा केली, आईला मारा. परशुरामाने कुर्‍हाड उचलली आणि आईचं मस्तक उडवलं. मग बाप प्रसन्न झाला, वर माग म्हणाला, आणि त्या वरात परशुरामाने आईला परत मागितलं, आणि तिला हे मारणं आठवू नये असंही मागितलं.

चिपळूणजवळ परशुरामाच्या देवळामागे रेणुकेचंही देऊळ आहे. आपण दोन्हीकडे हात जोडतो आणि पुढे होतो.

आता ही गोष्ट 'कोंडुरा'शेजारी ठेवा. एका बाईबद्दलचा संशय. वरून आलेली आज्ञा. आज्ञा पाळणारा परशुराम. आणि एका बाईच्या शरीरावर पडणारा घाव. तिथे कुर्‍हाड होती, इथे मुळी आहे. सगळी कादंबरी त्या एका नावात गुंडाळून पहिल्या भेटीलाच वाचकाच्या हातात दिलेली आहे! लेखकाने हे ठरवून केलं की आपसूक झालं हा मुद्दाच नाही. कोकणातल्या कादंबरीत, समुद्राकाठी, वर मिळालेल्या माणसाचं नाव परशुराम ठेवलं की रेणुका आपोआप आत येतेच.

नियतीवाले लगेच म्हणतील, "बघा, नावातच सगळं ठरलेलं!" थांबा. रेणुकेच्या गोष्टीत एक तपशील आहे, तो सगळे गाळतात. जमदग्नीला मुलगे पाच होते. आज्ञा पाचही जणांना झाली. थोरल्या चौघांनी हात उचलला नाही. बापाचा शाप पत्करला, पण आईवर हात उचलला नाही.

आज्ञा तीच, बाप तोच, आश्रम तोच. चौघे एका बाजूला, एक दुसर्‍या बाजूला. मग यात नियती कुठे बसली? फरक पडला तो ज्याच्या त्याच्या स्वभावाने. आपण मात्र त्या एकाचं नाव लक्षात ठेवलं आणि चौघांची विसरलो. (रुमण्वान, सुषेण, वसू, विश्वावसू. महाभारताच्या वनपर्वात आहेत. एकदा तरी नावं घेऊया बापड्यांची.)

शेक्सपियरनेही हेच केलंय. 'मॅकबेथ'मध्ये, म्हणजे शिरवाडकरांनी 1954 मध्ये ज्याचं 'राजमुकुट' केलं त्यात, चेटकिणी भाकीत दोघांना ऐकवतात. मॅकबेथलाही आणि बँकोलाही. खून एकच जण करतो. तरी मॅकबेथला कुणी चेटकिणींचं बाहुलं म्हणत नाही, त्याला महत्त्वाकांक्षी म्हणतात. खानोलकरांच्या तात्याला मात्र आपण ताबडतोब बाहुलं करतो. का? आपला माणूस म्हणून सूट?

*

आता जे बोलायचं आहे ते मुळीबद्दल.

अट ब्रह्मचर्याची, असं आपण सहज म्हणून जातो. लग्न झालेल्या माणसाचं ब्रह्मचर्य एकट्याचं नसतं हो. त्यातलं अर्धं त्याच्या बायकोचं असतं. तिला कुणी विचारलं? कोंडुर्‍याने विचारलं नाही, ते समजू शकते, तो समुद्र आहे. तात्याने विचारलं? एका रात्रीत नवरा साधू झाला, आणि तिने ते 'पुण्याई' म्हणून डोक्यावर घ्यायचं. कादंबरी वाचताना मी प्रत्येक वळणावर त्या बाईकडे बघत होते. तिचं गप्प असणं ही मला या पुस्तकातली सगळ्यात मोठी पूर्वसूचना वाटते. ज्या घरात एवढा मोठा निर्णय एकाने घेतला आणि दुसरीला फक्त कळवला, त्या घराचं पुढे काय होतं ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि वर कसला, तर गर्भ पाडणार्‍या मुळीचा. विचार करा, देवाला देण्यासारखं काय कमी होतं? पाऊस देता आला असता, मासळी देता आली असती, वाचासिद्धी देता आली असती. दिलं काय, तर बायकांच्या पोटावरचा अधिकार, आणि तोही एका पुरुषाच्या हातात.

नोट्समधला 'मानवाचा निसर्गातील हस्तक्षेप' इथे किती पोकळ वाटतो बघा. 1966 साली ही मुळी म्हणजे काही अमूर्त चिन्ह नव्हतं. तेव्हा गर्भपात हा भारतीय दंड संहितेच्या 312 कलमाखाली गुन्हा होता, बाईचा जीव वाचवण्यापुरता अपवाद सोडून. करणारा गुन्हेगार आणि करून घेणारी बाईसुद्धा गुन्हेगार. अडलेली विधवा, फसलेली मुलगी, सातव्या-आठव्या खेपेची आई, यांना झाडपाला, मुळ्या आणि काड्या याशिवाय रस्ता नव्हता. किती जणी त्यात गेल्या असतील त्याची गावात कुणी मोजदाद ठेवली नाही. केंद्र सरकारने 1964 साली शांतिलाल शहा समिती नेमली, तिचा अहवाल आला तो डिसेंबर 1966 मध्ये, म्हणजे 'कोंडुरा'च्याच वर्षी, आणि त्यावरून कायदा झाला 1971 मध्ये. इकडे दिल्लीला अहवाल लिहिला जात होता, तिकडे एक कुडाळकडचा माणूस मुळीवर कादंबरी लिहीत होता. मी याला योगायोगच म्हणते, पण खानोलकर हवेत लिहीत नव्हते एवढं तरी यावरून मान्य करा.

मुळी दोन कामं करू शकते. अडलेल्या बाईला सोडवू शकते, किंवा न अडलेल्या बाईचं सर्वस्व हिरावू शकते. ती कुठलं काम करणार हे मुळी ठरवत नाही. ती ज्याच्या कनवटीला आहे तो ठरवतो. आणि तो ठरवताना त्या बाईला एक साधा प्रश्न विचारतो की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. सून समोर असताना तिलाच विचारावं, हे तात्याला सुचत नाही. कारण एव्हाना त्याला 'वरून' कळायला लागलेलं असतं! ज्याला वरून कळतं तो समोरच्याला कशाला विचारेल?

इथे मला त्याचा स्वभाव सगळ्यात स्वच्छ दिसतो. तो दुष्ट नाही. लबाड तर अजिबातच नाही. तो प्रामाणिकपणे स्वतःला निर्मळ समजतो, आणि तेच भयंकर आहे. त्या सुनेबद्दल त्याच्या मनात जे काही हलत असतं ते त्याला ओळखता येत नाही, कारण ब्रह्मचार्‍याच्या मनात तसलं काही नसतंच, असं त्याने स्वतःला सांगून ठेवलेलं असतं. मग ते मनातलं दुसर्‍या कुणाच्या तरी पापाचं रूप घेऊन त्याला बाहेर दिसायला लागतं. 'अनुग्रहम्' म्हणजे कृपा. बेनेगलांनी तेलुगू सिनेमाला हे नाव दिलं तेव्हा ते किती कडू होतं हे मला आता कळतं.

*

तिसरं भांडण छोटं आहे, कारण ही माणसं माझ्या बाजूची आहेत. 'कोंडुरा' अंधश्रद्धेला खतपाणी घालते, असं म्हणणारे. यांचा राग प्रामाणिक आहे आणि त्यांचं एक म्हणणं वजनदार आहे. ते म्हणतात, कादंबरीच्या जगात साक्षात्कार खोटा ठरवलेलाच नाही. मुळी काम करते. मग चमत्कार खरा असेल तर दोष तात्याचा कसा? तो तर आज्ञाधारक!

उत्तर देते. समजा चमत्कार खरा आहे. अगदी शंभर टक्के खरा. तरी प्रश्न उरतोच ना, की खर्‍या चमत्काराचं तू काय केलंस? तात्या भोंदू असता तर गोष्ट सोपी होती. भोंदूला पकडता येतं, आता तर 2013 सालचा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. खानोलकरांनी सोपी वाट घेतली नाही. त्यांनी म्हटलं, देव खरा धरा, वर खरा धरा, माणूसही प्रामाणिक धरा, आणि मग बघा काय होतं ते. भोंदूबाबाच्या गोष्टीने आपण इतरांपासून सावध होतो. या गोष्टीने स्वतःपासून सावध व्हावं लागतं. माझ्या मते ही कादंबरी अंधश्रद्धेच्या विरोधातली शंभर व्याख्यानं एका बाजूला ठेवील.

*

एवढं सगळं कशासाठी, असं घरातले विचारतील. एका जुन्या पुस्तकासाठी किती रक्त आटवतेस?

पुस्तकासाठी नाहीच. "नशिबात होता ता झाला, कोणाचो काय इलाज?" हे वाक्य मी आमच्या घरांतून किती वेळा ऐकलंय! कुणाची मुलगी सासरी जळली, नशिबात होता. कुणाला बारावीला नव्वद टक्के मिळूनही तिचं लग्न लावलं, देवाच्या मनात होता. कुणाला बाळंतपणात वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, तिची वेळ इली. प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, किंवा केलेलं नसतं. प्रत्येक वेळी चाहूल आधी लागलेली असते, गाज सगळ्यांनी ऐकलेली असते. आणि नंतर सगळे मिळून हात वर करतात आणि समुद्राकडे बोट दाखवतात.

'कोंडुरा'कडे नियतीची कादंबरी म्हणून बघणं हा याच सवयीचा वाङ्मयीन अवतार आहे. तात्याला सूट दिली की आपल्यालाही सूट मिळते. म्हणून मला तो सुस्कारा सहन होत नाही. पूर्वसूचना आणि स्वभावचित्रण हे दोन वेगळे प्रश्न करून परीक्षेत दहा-दहा मार्कांना विचारतात. या कादंबरीत ते दोन नाहीतच. खूण समुद्रात नाही, आकाशात नाही, तात्यात आहे. अरिष्ट पहिल्या पानापासून त्याच्याच पायांनी चालत येतं आहे, आणि वाटेत थांबायच्या जागा पुष्कळ होत्या.

तेव्हा वाचा. वाचलेली असेल तर पुन्हा वाचा, आणि या वेळी तात्याऐवजी त्याच्या बायकोकडे लक्ष ठेवून वाचा. ब्लॉगवाल्या मित्रमंडळींपैकी ज्यांना पटलं नसेल त्यांनी जरूर भांडावं, फक्त 'नियती' हा शब्द न वापरता भांडून दाखवावं. आणि कुडाळच्या मामांसाठी वेगळी सूचना. माझी प्रत तुमच्यासाठी काढून ठेवली आहे, चतुर्थीला आलात की न्या. पण मामा, परत द्यायची हां. गेल्या वेळचं 'गारंबीचा बापू' अजून तुमच्याकडेच आहे, आणि ते काही नशिबाने तिकडे गेलेलं नाही.